मोजलेच्या दहा पट्ट्या

छायाचित्राच्या दहा अरुंद पट्ट्या एकीखाली एक लावलेल्या आहेत. प्रत्येकीवर उभ्या काळ्या रेषा, एक ठळक आणि एक फिकट. सगळ्यांत वर कॅल्शियम, त्याखाली टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबे आणि तळाला पितळ. नजर वरून खाली नेली की रेषांची जोडी दर पट्टीला जराशी बाजूला सरकते आणि सगळे मिळून एक जिना दिसू लागतो. कॅल्शियम आणि टायटॅनियम यांच्यामधले अंतर मात्र डोळ्यांत भरण्याइतके मोठे आहे. तिथे एक पायरी गाळलेली आहे. ती स्कँडियमची, ते मूलद्रव्य या दहांत नाही.

हे चित्र डिसेंबर १९१३ च्या 'फिलॉसॉफिकल मॅगझीन' या ब्रिटिश नियतकालिकात छापून आले. निबंधाचे नाव 'मूलद्रव्यांचे उच्च वारंवारतेचे वर्णपट'. लेखक हेन्री मोजले, वय २६. जेमतेम अकरा पानांचा हा निबंध आहे. विज्ञानात मोठे शोध पुष्कळ झाले, पण ज्यांचे मूळ लेखन आजही सरळ हातात घेऊन वाचावे आणि वाचताना आनंद व्हावा, असे थोडे. हा त्यांतला आहे. चित्र आधी समोर ठेवायचे, मग आकडे, आणि आकड्यांनी बोलायचे ते बोलून झाल्यावर एकच निष्कर्ष, तोही कमीत कमी शब्दांत, अशी त्याची बांधणी आहे. त्या निष्कर्षावर आजचे सगळे रसायनशास्त्र उभे आहे.

आधी मोजलेच्या पुढ्यात काय होते ते पाहू. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची सारणी मांडली ती अणुभारांच्या चढत्या क्रमाने. गुणधर्म ठरावीक अंतराने परत येतात, हे त्याने दाखवले आणि न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागाही सोडल्या. पण त्या क्रमात काही ठिकाणी खटकत होते. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, तरी आयोडीनच्या आधी बसवावे लागले, कारण आयोडीनचे सगळे वागणे क्लोरीन-ब्रोमीनच्या घरातले. पुढे आर्गॉन सापडला, तो पोटॅशियमपेक्षा जड निघाला. कोबाल्ट ५८.९ आणि निकेल ५८.७, हीदेखील उलटी जोडी. रसायनशास्त्रज्ञ अशा ठिकाणी भार बाजूला ठेवून गुणांच्या बाजूने कौल देत. म्हणजे सारणीचा नियम एक आणि तो मोडायचा अधिकार अनुभवाकडे, अशी अवस्था होती. सारणीतली जागा हा नुसता क्रमांक होता. त्या क्रमांकाला अणूच्या आत काही आधार आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

मोजले ज्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत होता, तिथे उत्तराची तयारी मात्र होत आली होती. १९११ मध्ये रुदरफर्डने अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असल्याचे मांडले होते. केंद्रकावरचा प्रभार हाच सारणीतला क्रमांक असावा, ही कल्पना व्हॅन डेन ब्रूक या डच वकिलाने पुढे आणली. तो व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ नव्हता. नील्स बोरने १९१३ मध्येच इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांत फिरतात, असे चित्र रेखाटले. तीनही गोष्टी कागदावर होत्या. हायड्रोजनपलीकडच्या अणूंचा क्रमांक मोजून दाखवायचा कसा, हे कोणी सांगितले नव्हते.

मोजलेची युक्ती निबंधाच्या सुरुवातीच्या पानांवर आहे आणि तिचे वर्णन फार देखणे आहे. काचेची लांब निर्वात नळी. तिच्यात रूळ. रुळांवर छोटी गाडी आणि गाडीवर ओळीने मांडलेले वेगवेगळ्या धातूंचे तुकडे. पितळी रिळांवर गुंडाळलेला मासे पकडायच्या गळाचा रेशमी दोर ओढला, की हवा तो तुकडा वेगवान इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यापुढे येतो. निर्वात न मोडता एकामागून एक मूलद्रव्य समोर आणायचे, हा त्यामागचा हेतू. मारा बसला की धातूतून क्ष-किरण निघतात. ते पोटॅशियम फेरोसायनाइडच्या स्फटिकावर आपटतात आणि तरंगलांबीप्रमाणे वेगवेगळ्या कोनांत परावर्तित होऊन छायाचित्राच्या काचेवर उमटतात. एका मूलद्रव्याला सुमारे पाच मिनिटे पुरत. ज्याने प्रयोगशाळेत रात्र काढली आहे, त्याला त्या रेशमी दोराच्या उल्लेखातला आनंद समजेल. मोजले रात्र-रात्र काम करी. चार्ल्स डार्विनचा नातू चार्ल्स गॅल्टन डार्विन हा त्याचा सहकारी होता. पहाटे तीन वाजता मँचेस्टरमध्ये जेवण कुठे मिळते, हे मोजलेला नेमके ठाऊक असे, ही आठवण त्यानेच सांगून ठेवली आहे.

आता आकड्यांकडे येऊ. ठळक रेषेची तरंगलांबी कॅल्शियमसाठी सुमारे ३.३६ अँगस्ट्रॉम, जस्तासाठी सुमारे १.४४. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. मोजले या तरंगलांबीवरून वारंवारता काढतो, तिला एका ठरावीक स्थिरांकाने भागतो आणि वर्गमूळ घेतो. मग सारणीत पुढचा स्तंभ उभा राहतो: कॅल्शियम १९.००, टायटॅनियम २०.९९, व्हॅनेडियम २१.९६, क्रोमियम २२.९८, मँगनीज २३.९९, लोखंड २४.९९, कोबाल्ट २६.००, निकेल २७.०४, तांबे २८.०१, जस्त २९.०१.

हा स्तंभ सावकाश वाचावा. याच दहा मूलद्रव्यांचे अणुभार शेजारी मांडून पाहावेत: ४०.१, ४७.९, ५०.९, ५२.०, ५४.९, ५५.८, ५८.९, ५८.७, ६३.५, ६५.४. इथे पावले कधी आठाच्या जवळ, कधी तीन, कधी एक, आणि कोबाल्टनंतर चक्क मागे. वर्गमूळांच्या स्तंभात मात्र, गाळलेल्या स्कँडियमची दुहेरी पायरी सोडली, तर दर वेळी एक. व्हॅनेडियमचे २१.९६ आणि निकेलचे २७.०४ मोजलेने पूर्णांकाला जुळवून घेतले नाही, मोजले तसेच छापले. त्यामुळेच त्या २६.०० वर विश्वास बसतो. आणि कोबाल्ट-निकेलचा जुना वाद या स्तंभात एकही शब्द खर्च न करता मिटतो: कोबाल्ट आधी, निकेल नंतर.

मग तो निष्कर्ष काढतो. अणूत अशी एक मूलभूत राशी आहे, जी एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना नियमित पावलांनी वाढते, आणि ती केंद्रकावरच्या धनप्रभाराशिवाय दुसरी असू शकत नाही. यात त्याने कुठे 'कदाचित' घातलेले नाही. इतके ठाम विधान करायला जेवढा पुरावा लागतो, तेवढा त्याने आधीच्या पानांवर मांडून ठेवला आहे. 'अणुअंक' हा शब्द आपण दहावीच्या पुस्तकात सहज वाचतो. त्याला प्रयोगाचा आधार मिळाला तो इथे.

तळाच्या पट्टीकडे पुन्हा पाहू. जस्ताऐवजी मोजलेने पितळ वापरले आणि त्या पट्टीवर तांब्याच्या व जस्ताच्या, दोघांच्याही रेषा उमटल्या. कोबाल्टच्या पट्टीवर लोखंडाच्या आणि निकेलच्या फिकट रेषा आहेत, कारण नमुना शुद्ध नव्हता. दुसरा एखादा लेखक स्वच्छ नमुन्याची वाट पाहत बसला असता. मोजलेने ती भेसळच पुरावा म्हणून वापरली. मूलद्रव्य संयुगात असो, मिश्रधातूत असो की नावापुरते मिसळलेले असो, त्याची रेषा त्याच जागी उमटते. या मार्गाने नवी मूलद्रव्येही सापडतील, हे त्याने तिथेच नोंदवून ठेवले. आज मुंबई-पुण्याच्या सराफी पेढ्यांवर दागिना न घासता सोन्याचा कस सांगणारे यंत्र असते. त्यात धातूला क्ष-किरणांनी उत्तेजित करून त्याच्यातून निघणाऱ्या नेमक्या अशाच रेषा वाचल्या जातात.

इथवर निबंधाचा वरचा थर झाला. मला त्यात सगळ्यांत मोलाचे वाटते ते मात्र निबंधात नसलेले काहीतरी. मूलद्रव्यांविषयी लिहिलेल्या या निबंधातल्या जिन्यात आवर्तन नाही. गुणधर्म परत येत नाहीत, सुरुवातीला फिरून जाणे नाही, नुसती सरळ चढण आहे. मेंडेलीव्हने आवर्तन पाहिले, मोजलेने सरळ रेषा. दोघेही त्याच अणूंकडे पाहत होते आणि दोघेही बरोबर होते. दिनदर्शिकेत तारीख दर दिवशी एकाने पुढे जाते आणि वार मात्र फिरून फिरून येतात, तसे हे आहे. फरक एवढाच, की अणूंचा आठवडा एकाच लांबीचा नाही. त्याचे मुक्काम २, ८, ८, १८, १८, ३२ असे लांबत जातात.

असे का, याचे उत्तर त्या रेषा अणूच्या कोणत्या भागातून येतात यात आहे. बाहेरून आलेला वेगवान इलेक्ट्रॉन अणूच्या सर्वांत आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. रिकाम्या जागी दुसऱ्या कवचातला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना ठळक रेषेचा क्ष-किरण सोडतो. हा सगळा व्यवहार केंद्रकाच्या अगदी लगत घडतो. तिथे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची वर्दळ जवळजवळ पोचत नाही. तिथे चालतो केंद्रकाचा प्रभार. म्हणून तिथून येणारी खूण केवळ ओळख सांगते, स्वभाव सांगत नाही. स्वभाव ठरतो सर्वांत बाहेरच्या कवचावर. तिथले इलेक्ट्रॉन किती आणि किती घट्ट बांधलेले, यावर अणू कोणाशी जोडला जाईल, इलेक्ट्रॉन देईल की घेईल, वीज वाहील की अडवेल, हे अवलंबून असते. आणि बाहेरच्या कवचांची मांडणी ठरावीक मुक्कामांनंतर तीच परत येते.

तीन शेजारी घेऊन हे जवळून पाहू: क्लोरीन १७, आर्गॉन १८, पोटॅशियम १९. यांच्या ठळक क्ष-किरण रेषांची ऊर्जा अनुक्रमे सुमारे २.६२, २.९६ आणि ३.३१ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चढण अगदी संथ, कुठे धक्का नाही. आता याच तिघांचा सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते ते पाहा: १२.९७, १५.७६ आणि ४.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिसऱ्या आकड्यावर एकदम कोसळण. केंद्रकातला प्रभार तर एकाने वाढलेलाच आहे, मग पकड ढिली कशी झाली? क्लोरीनची मांडणी २, ८, ७. शेवटच्या कवचातले सात जण एकमेकांच्या शेजारी आहेत, पुढे-मागे नाहीत. ते एकमेकांपासून केंद्रकाची ओढ फारशी झाकत नाहीत आणि प्रत्येकाला सहाच्या आसपास प्रभाराची ओढ जाणवते. त्यामुळे क्लोरीन आपले सोडत नाही आणि आणखी एक मिळवायला धावतो. आर्गॉनमध्ये २, ८, ८ अशी भरती पुरी झाली आणि घेण्या-देण्याची गरजच संपली. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात एकटा पडतो. त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये अठरा इलेक्ट्रॉन उभे असतात, त्यामुळे एकोणीसपैकी दोनाच्या आसपासच ओढ त्याच्यापर्यंत पोचते. तो सहज निसटतो. पोटॅशियमचा खडा पाण्यावर टाकताच जांभळट ज्योतीने पेट घेतो, याचे कारण हेच. एक विषारी हिरवट वायू, एक कोणाशी न बोलणारा वायू आणि एक चाकूने कापता येणारा धातू. तिघांच्या केंद्रकांत फरक एकेका प्रभाराचा.

आर्गॉनचा भार पोटॅशियमपेक्षा जास्त का, हेही पुढे उलगडले. आपल्या हवेत जवळजवळ एक टक्का आर्गॉन आहे आणि तो मुख्यतः ४० वस्तुमानांकाचा आहे. खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमच्या क्षयातून तो कोट्यवधी वर्षे साठत आला. भार हा अणूच्या पूर्वेतिहासाचा भाग आहे, स्वभावाचा नाही.

मोजलेच्या सूत्रात आणखी एक बारकावा आहे, त्यावर वाचकाने थांबावे. वर्गमूळातून आलेली संख्या अणुअंकाइतकी नाही, एकाने कमी आहे. कॅल्शियम विसावा, पण उत्तर १९. हा उणे एक म्हणजे आतल्या कवचात उरलेल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनने केलेली झाकणी, असे आज आपण ढोबळमानाने समजतो. पोटॅशियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ज्या कारणाने मोकळीक मिळते, त्याच कारणाची ही अगदी आतली, अगदी लहान खूण आहे. मोजलेने तिचे जे स्पष्टीकरण दिले ते टिकले नाही. आतल्या इलेक्ट्रॉनांच्या कड्याविषयीचे त्याचे चित्र चुकीचे होते. निबंधाचा तो भाग आज वाचताना कमकुवत वाटतो. पण त्याने त्या 'एक'ला आकड्यांच्या गर्दीत दडपून टाकले नाही. सूत्रात स्वतंत्रपणे उभे ठेवले, म्हणून पुढच्यांना त्याचा अर्थ लावता आला.

दुसरा भाग एप्रिल १९१४ मध्ये आला. मोजले तोवर ऑक्सफर्डला गेला होता. या वेळी ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत, १३ पासून ७९ पर्यंतची शिडी त्याने उभी केली. साहित्यकृती म्हणून मला पहिला भाग अधिक आवडतो. दुसऱ्यात पसारा आहे, घाईही जाणवते. पण त्याने ४३, ६१ आणि ७५ या पायऱ्या मोकळ्या ठेवल्या आणि तिथे मूलद्रव्य असलेच पाहिजे, असे सांगितले. मेंडेलीव्हनेही जागा सोडल्या होत्या, पण एकूण जागा किती हे त्याला सांगता येत नव्हते. मोजलेने मोजून सांगितले. ७५ म्हणजे ऱ्हेनियम १९२५ मध्ये मिळाले, ४३ म्हणजे टेक्नेशियम १९३७ मध्ये, ६१ म्हणजे प्रोमेथियम १९४५ मध्ये.

ल्युटेशियमपाशी मात्र त्याची मोजणी एकाने घसरली. विरल मृदा मूलद्रव्ये ही तेव्हाची मोठी डोकेदुखी होती. त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळजवळ सारखेच राहतात आणि नवे इलेक्ट्रॉन आत, चौथ्या कवचात भरले जातात. त्यामुळे रासायनिक दृष्ट्या ती एकमेकांपासून वेगळी करणे अतिशय कष्टाचे होते. थुलियम ही दोन मूलद्रव्ये असल्याच्या एका दाव्यावर विश्वासून मोजलेने त्याला दोन पायऱ्या दिल्या आणि ल्युटेशियम ७२ वर गेले. १९१४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झॉर्झ उर्बें आपले नमुने घेऊन ऑक्सफर्डला आला. वर्षानुवर्षांच्या स्फटिकीकरणातून त्याने ते वेगळे केले होते आणि त्यांत 'सेल्टियम' हे नवे मूलद्रव्य असल्याचा त्याचा दावा होता. मोजलेच्या यंत्राने थोड्या दिवसांत निकाल दिला: जुनीच मूलद्रव्ये आहेत, सेल्टियम नाही.

मग ७२ कुठे होते? इथे बोरने अणुरचनेवरून उत्तर काढले. चौथ्या कवचातल्या त्या आतल्या जागा चौदाच आहेत आणि ७१ ला त्या भरून संपतात. म्हणून ७२ वे मूलद्रव्य विरल मृदांमध्ये शोधू नये. त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी झिर्कोनियमसारखी असणार, तेव्हा ते झिर्कोनियमच्या खनिजात शोधावे. कोपनहेगनला कॉस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कॉन घेतला, मोजलेच्या पद्धतीने रेषा पाहिल्या आणि डिसेंबर १९२२ मध्ये मूलद्रव्य सापडले. बोर नोबेल व्याख्यानासाठी स्टॉकहोमला होता. बातमी त्याला फोनवरून वेळेत कळली आणि त्याने ती व्याख्यानात सांगितली. हॅफनियम. गुणधर्म आधी कागदावर ठरले आणि पदार्थ नंतर हातात आला.

या जोडीचा शेवटचा धागा आपल्या पालघर जिल्ह्यात येऊन पोचतो. झिर्कोनियम आणि हॅफनियम यांच्या अणूंची त्रिज्या जवळजवळ एकच, अनुक्रमे १६० आणि १५९ पिकोमीटर. रासायनिक वागणे इतके सारखे की दोन्ही वेगळे करताना कारखाने घामाघूम होतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रात इंधनाच्या कांड्यांची आवरणे झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असतात, कारण ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. हॅफनियम शेकडो पटींनी अधिक गिळते. म्हणून ते आधी निगुतीने काढून टाकावे लागते. इलेक्ट्रॉनांच्या मांडणीने रसायन ठरते, पण न्यूट्रॉनशी कसे वागायचे ते केंद्रकाची घडण ठरवते, आणि तिथे ही दोघे भावंडे नाहीत. अणुरचना गुणधर्म ठरवते असे म्हणताना रचनेचा कोणता थर कोणता गुण ठरवतो, हे विचारलेच पाहिजे. मोजलेचा निबंध ते विचारायला शिकवतो.

त्याला पुढचे काही पाहायला मिळाले नाही. पहिले महायुद्ध सुरू होताच तो सैन्यात दाखल झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत डोक्यात गोळी लागून मारला गेला. वय २७. आपली उपकरणे आणि मालमत्ता त्याने रॉयल सोसायटीला देऊन ठेवली होती.

शाळांतल्या विज्ञानशिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मोजलेच्या वाट्याला एखाद-दुसरे वाक्य येते आणि मुले 'आधुनिक आवर्ती नियम' पाठ करून पुढे जातात. नियम सांगण्याआधी त्या दहा पट्ट्यांचे चित्र फळ्यावर लावा. नावे झाका. वर्गमूळांचा स्तंभ आणि अणुभारांचा स्तंभ शेजारी लिहा, आणि मूलद्रव्याचा खरा क्रमांक कोणता ते मुलांनाच विचारा. मूळ निबंध इंग्रजीत आहे आणि अकरा पानांत संपतो. तो स्वतः एकदा वाचून घ्या आणि मगच वर्गात जा.